निशिकांतचा पायलट

निशिकांतकडे मी पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा तो पिंजऱ्यात बसला होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, मांडीवर लॅपटॉप आणि गुडघे पार हनुवटीला टेकलेले. समोर सोफ्यावर एक तांबडा गावठी कुत्रा ऐसपैस पसरून त्याच्याकडे बघत होता. निशिकांतनं हातानंच खूण करून मला कुत्र्याशेजारी बसायला सांगितलं आणि तो पुन्हा मीटिंगमध्ये बोलू लागला.

मीटिंग संपल्यावर तो रांगत बाहेर आला. मी विचारलं, "अरे, पिंजऱ्यात कशाला बसलास?"

"पिंजरा नाही काका, क्रेट. ती त्याची गुहा आहे. ती सुरक्षित आहे हे आपण आधी बसून दाखवायचं असतं. प्रोसेस आहे."

भूगावातल्या आमच्या इमारतीत निशिकांत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरात एकटा. त्या वेळी सकाळी आठला हिंजवडीच्या ऑफिसात जायला निघायचा आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर परतायचा. कंपनीत नेमकं काय करतो, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं कागदावर चौकोन काढून त्यांना बाण जोडून दाखवले. मी टपाल खात्यात आयुष्य काढलं. पत्र कुठून निघतं आणि कुठं पोचतं हे मला कळतं. त्या बाणांचं काही कळलं नाही.

कुत्रा त्यानं मोकाट प्राण्यांच्या एका आसऱ्यातून आणला होता. हा प्रायोगिक प्रकल्प आहे म्हणून नाव ठेवलं 'पायलट'. त्याला पिंजऱ्याची सवय लावायला निशिकांतनं तीन दिवस रजा घेतली आणि तिन्ही दिवस घरून मीटिंगा केल्या. फ्रिजवर तक्ता लागला. पहिल्या दिवशी दार पाच मिनिटं बंद, दुसऱ्या दिवशी दहा, असं करत करत अखेर पूर्ण दिवस. कुत्रा शहाणा होता. बिस्कीट दिसलं की आत जायचा, बिस्कीट तोंडात धरून बाहेर यायचा आणि सोफ्यावर बसून खायचा. निशिकांत त्याची नोंद 'अंशतः यशस्वी' अशी करायचा.

रजा संपली. मग एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "काका, तुम्हाला या प्रकल्पात सहभागी करून घ्यायचंय."

म्हणजे दुपारी एक वाजता पायलटला बाहेर काढून फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी माझं रीतसर प्रशिक्षण झालं. साखळी कशी धरायची हे दाखवणारी आठ चित्रं त्यानं मला मोबाईलवर पाठवली.

ऑफिसातून कुत्र्यावर लक्ष ठेवायला त्यानं भिंतीवर कॅमेरा बसवला. त्यातून बोलताही यायचं. अकराच्या सुमाराला भिंतीतून आवाज यायचा, "गुड बॉय पायलट! शांत बस!" तोवर निवांत झोपलेला पायलट दचकून उठायचा, मालक कुठं दिसत नाही म्हणून गळा काढायचा, आणि इमारतीच्या ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडायचा. निशिकांत मीटिंगमधूनच उत्तर द्यायचा, "रडण्याचा आलेख उतरता आहे. कृपया प्रोसेसवर विश्वास ठेवा." आलेखही जोडायचा.

इमारतीमागं एका बिल्डरची मोकळी जागा आहे. तिथं शेवंताबाई शेळ्या चारते. धनगराची बाई, बोलायला रोखठोक. मी पायलटला घेऊन गेलो की ती चौकशी करायची.

"नाव काय म्हनला ह्याचं?"

"पायलट."

"पाटील व्हय? मग पाटलाला दिसभर कोंडून का ठिवलाय? काय गुन्हा केलाय त्यानं?"

मी तिला गुहेचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गुहेला कडी असती व्हय?"

हा प्रश्न मी निशिकांतला कळवला नाही. पण कुत्रा मात्र 'पाटील' म्हटलं की शेपूट हलवायला लागला.

एका गुरुवारी दुपारी मी पिंजऱ्याची कडी काढली आणि साखळी आणायला वळलो. फ्लॅटचं दार उघडंच राहिलं होतं. चूक सर्वस्वी माझी. मी वळून बघेपर्यंत कुत्रा जिना उतरून गेला होता.

अर्धा तास मी एकट्यानं शोधलं आणि मग फोन केला. मला वाटलं, निशिकांत रागावेल. तो फक्त "आलो" म्हणाला. चालू मीटिंग सोडून तो आला, तेव्हा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. आम्ही फाटक पाहिलं, बाजारपेठ पाहिली, बांधकामं पाहिली. दिवसभर लोकांना सूचना देणारा तो, प्रत्येक उभ्या गाडीखाली वाकून बघत होता.

मोकळ्या जागेच्या पार टोकाला, टेकडीच्या उताराला शेळ्या दिसल्या. त्यांच्यामागं, मागं राहिलेल्या करडाला नाकानं ढोसत, पायलट चालला होता.

"पाटील हितं हाय की!" शेवंताबाई ओरडली. "लई कामाचा गडी हाय तुमचा."

निशिकांत होता तिथंच खडीवर बसला. कुत्रा धावत आला आणि त्याचं तोंड चाटू लागला. शेवंताबाई जवळ येऊन म्हणाली, "पळून जाईल म्हनून कोंडता व्हय दादा? पळायचं असतं तर तुमाला बगून पळत आलं असतं का?"

त्यानं कुत्र्याच्या मानेवरच्या केसांत बोटं घातली. मग माझ्याकडे न बघता बोलला, "काका, एकदा असाच ऑफिसातून घरी आलो होतो. सगळं सामान जागच्या जागी होतं. फक्त बायको नव्हती. तिनं आधी तीन वेळा सांगितलं होतं, मी चालले म्हणून. मी तिन्ही वेळा मीटिंगमध्ये होतो." कुत्र्याला जवळ ओढून म्हणाला, "सकाळी ज्याला सोडून जातो, ते संध्याकाळी घरात सापडावं, एवढंच वाटत होतं."

शेवंताबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्यापुढं धरलं.

त्या आठवड्यात त्यानं पिंजऱ्याचं दार काढून टाकलं. आता पायलट दिवसा शेळ्यांबरोबर जातो. सकाळी शेवंताबाई खालून "पाटील!" अशी हाक मारते आणि तो जिन्यावरून धडपडत पळतो.

काल संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो तर निशिकांत फाटकाशी उभा. हातात फोन नव्हता.

"आज लवकर?" मी विचारलं.

"हल्ली साडेपाचलाच निघतो." तो टेकडीकडे बघत होता. "अजून आल्या नाहीत."

"शेळ्या सातला येतात रे. आत्ताशी सव्वासहा होतायत."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.