चेअरमनांच्या खिशातलं हँडल

मेलेला कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून जिवंत करून दाखवतो, असं बिभीषणनं पारावर चारचौघांत सांगितलं, तेव्हा कुणाला ते खोटं वाटलं नाही आणि कुणाला कळलंही नाही. बिभीषण दूध संस्थेचा सेक्रेटरी. शिरूर कासारच्या त्या अंगाला पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, त्यामुळं संस्थेत दूध कधीच आटलं होतं आणि उरली होती ती गुरांची छावणी. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि भाकड जनावरं छावणीत एकमेकांची तोंडं बघत बसायची.

छावणीचा नियम असा, की जनावरांची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरून ठरल्या दिवशी संध्याकाळच्या आत तालुक्याला पाठवायची. पाठवली तर चाऱ्याची गाडी इकडं येणार, नाहीतर शेजारच्या छावणीला जाणार. नेमकी आदल्या दिवशी कॉम्प्युटरची हार्डडिस्क उडाली.

चेअरमन विठ्ठलराव काळजीनं काळेठिक्कर पडले. त्यांना समजेल असं सांगावं म्हणून बिभीषणनं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, "तात्या, आपल्या आईल इंजिनाचं हँडल असतंय ना, तसं समजा. ह्ये लावलं की झालं सुरू."

शिकलेल्या माणसानं अडाण्याला दाखला द्यावा, पण जपून द्यावा. आईल इंजिन हँडल फिरवून सुरू करतात आणि त्यानं दम धरला की हँडल काढून घेतात. तसंच ठेवून गेलं तर दुसराच कुणी इंजिन चालवून आपली विहीर उपसून नेतो. विठ्ठलरावांची विहीर दोन वर्षं कोरडी होती, इंजिनात उंदरांनी घर केलं होतं, तरी हँडल रोज रात्री त्यांच्या उशाशी असायचं.

सकाळी पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटर खरंच उठून बसला. ऑफिस झाडणाऱ्या सत्यभामाबाईनं त्याला हात जोडले. तिचा मुलगा आणि सून कारखान्यावर होते, आणि घरात म्हणून जे काही होतं ते छावणीत बांधलेली एक गाभण गाय. तिनं विनवणी करून गाईचं नाव पहिलं घालायला लावलं. बिभीषणनंही मोठ्या मनानं घातलं.

दुपार कलेपर्यंत बहुतेक छावणी कॉम्प्युटरच्या आत शिरली. राहिलेल्या गुरांच्या कानातले बिल्ले बघायला बिभीषण बाहेर पडला, तेवढ्यात विठ्ठलराव डोकावले. पाथर्डीकडं त्यांचा साडू वारला होता, जीप उभीच होती. बघतात तर यंत्र झकास चालू, खोलीत चिटपाखरू नाही आणि हँडल तसंच अडकवलेलं! पोरांना वस्तूची किंमत नाही, असं पुटपुटत त्यांनी पेनड्राइव्ह उपटला, बंडीच्या आतल्या खिशात घातला आणि मयतीला निघून गेले.

बिभीषण परत आला तर पडद्यावर सगळं दिसत होतं, पण एकही बटण चालेना. वाकून बघतो तर पेनड्राइव्ह गायब.

आधी टेबलाखाली शोधलं, मग कचऱ्यात. मग कुणीतरी दाराशी बांधलेल्या शेळीवर संशय घेतला, आणि तिच्या लेंड्यांवर नजर ठेवायला एका म्हाताऱ्याला बसवण्यात आलं. शेवटी बिभीषणचं डोकं फिरलं. खोलीत सत्यभामाबाईशिवाय कोण येतं? त्यानं सगळ्यांदेखत तिला कमरेची चंची उघडायला लावली. सुपारी, कात आणि चुन्याची डबी निघाली. तिनं सगळं परत भरलं, गाठ मारली आणि झाडू उचलला. बिभीषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात विठ्ठलरावांचाच फोन आला.

"निवांत भर बरं का. हँडल माझ्यापाशी हाय, कुनी हात लावनार न्हाई."

बिभीषणला आठवलं, की मयतीला गेलेला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतो. तो फोनमध्ये ओरडला, "तात्या, पाया पडतो, आंघोळ करू नका!" साडू गेलेल्या माणसाला हे कसं लागलं असेल, ते तात्यांनाच ठाऊक. त्यांनी फोन ठेवून दिला.

अंधार पडताना ते आले. पेनड्राइव्ह कोरडा ठणठणीत होता. त्या गावातही पाणी नव्हतं, सगळ्यांना चार चार थेंब शिंपडून वाटेला लावलं होतं. दुष्काळानं उपकार केला म्हणायचा तो एवढाच. पण वेळ टळून गेली होती. कॉम्प्युटर पुन्हा उठला, तोही धुतल्या पाटीसारखा. पेनड्राइव्हवरून उठवलेलं यंत्र बंद पडलं की मागचं सगळं विसरतं. हे बिभीषणला क्लासात शिकवलेलं होतं, म्हणून तर संध्याकाळच्या आत तो सगळं पाठवून मोकळा होणार होता.

"हँडल काढल्यावर बंद पडतंय? ह्ये कसलं इंजिन बे?" विठ्ठलराव म्हणाले. मग समोरच्या माणसांची तोंडं बघून त्यांचंही तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तालुक्याला गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगून आले. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, बाकी काही दिलं नाही.

बिभीषणनं सगळं पुन्हा भरलं, पाठवलं आणि शिरूरहून पावती छापून आणली. तो छावणीत पोचला तेव्हा शेजारच्या छावणीकडं जाणाऱ्या गाडीतून पडलेली उसाच्या वाढ्यांची पानं दोन म्हाताऱ्या रस्त्यावरून वेचत होत्या. लोक दावी सोडत होते. गुरांच्या बाजाराचा दिवस होता.

सत्यभामाबाईनंही गाय सोडली होती. बिभीषण आडवा गेला.

"मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. लई चुकलं."

तिनं दावं हाताला गुंडाळलं.

"पन आता समदं भरलंय. पुढच्या खेपेला तुमचं नाव पयलं हाय. ही बघा पावती."

"मला कावून दावतुस?" ती म्हणाली. "गाईला दाव."

गाईनं मान लांब केली, कागद हुंगला आणि बिभीषणच्या हातातून ओढून घेतला. सत्यभामाबाईनं तिला अडवलं नाही. शिक्क्यासकट पावती चघळून झाली तरी गाय त्याच्या हाताकडंच बघत राहिली. बिभीषणच्या पिशवीत गुरांच्या माहितीची छापलेली बाकीची पानं होती. ती त्यानं एकेक करून तिला चारली.