हजार ढगांची जागा

"एका वेळी हजाराहून जास्त ढग येणारच नाहीत!" मी छाती फुगवून आमच्या कंपनीच्या मॅडमना सांगितलं होतं.

आमच्या हवामानाच्या प्रोग्राममध्ये नकाशाचे तुकडे असतात, एकेक तुकडा एकेक प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामचाच एक स्वतंत्र भाग, सांभाळते. ढग हद्द ओलांडू लागले की ती शेजारणीला निरोप धाडते: घे बाई, हे आता तुझे! निरोप केवढा आहे ते शेजारणीने आधी विचारायचं, तेवढी जागा करायची, मगच तो घ्यायचा, अशी रीत. पण दर वेळी कोण विचारत बसणार? मी सरसकट हजारांची जागा ठेवली आणि मोकळा झालो!

गिऱ्हाईक आलं. एका मोठ्या गोदामाचे मालक. साधा पाऊस झकास सरकला. मग ते म्हणाले, "आता उद्याचं वादळ दाखवा."

आज काही बिनसलं तर उद्यापासून येऊ नका, असं मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. वादळ गरगरत निघालं, हद्दीशी आलं आणि थांबलं! ढग हजारावर गेले होते, शेजारणीच्या जागेत निरोप मावलाच नव्हता. सगळा प्रोग्राम आडवा! पडद्यावर शेवटचं चित्र तेवढं उरलं.

"अरे वा!" मालक खूश. "आमच्या गोदामाच्या अलीकडेच थांबतंय की!"

"आमचा अंदाज चुकत नाही, साहेब!" मॅडम त्यांच्याहून खूश.

मालकांनी तिथेच फोन लावला. "माल हलवायला सांगितलेले ट्रक रद्द करा. उद्याच्या पाळीला सगळी माणसं येऊ देत."

माणसं! गप्प बसलो तर नोकरी वाचत होती. पण डोळ्यांपुढे गोदामाचे उडालेले पत्रे दिसायला लागले.

"साहेब, फोन ठेवू नका!" मी किंचाळलोच. "वादळ नाही थांबलं, माझा प्रोग्राम थांबलाय!"

मॅडमकडे बघायची माझी हिंमत नव्हती. भराभर चार ओळी बदलल्या: आधी विचार, जागा कर, मग घे. वादळ पुन्हा निघालं आणि गोदामावरून रोलर फिरवल्यासारखं गेलं!

"ट्रक बोलवा! उद्या कुणी फिरकू नका तिथे!" मालक फोनवर ओरडतच बाहेर धावले.

"उद्यापासून तुमचं काम दुसरा माणूस बघेल," मॅडम मला म्हणाल्या. इतक्या शांतपणे, की वादळ परवडलं!

दुसरा माणूस आला. त्याने माझा प्रोग्राम उघडला, पहिल्याच पानावरचा गुंता वाचला आणि जेवणाच्या सुट्टीआधीच राजीनामा दिला. मी अजून नोकरीत आहे!