वरिष्ठ वामकुक्षी अधिकारी

आंबवणीच्या टाकीचे झाकण उघडे ठेवू नये, हा बिअरच्या धंद्यातला पहिला नियम आहे. ब्रूमास्टर, म्हणजे कारखान्यातला बिअर बनवणारा मुख्य कारागीर, तो इतक्या निष्ठेने पाळत असे की घरी तापत्या दुधावरही झाकण ठेवी, आणि दूध उतू जाई. त्याची बिअर सोनेरी, स्वच्छ आणि निर्दोष होती. त्यामुळे ती फारशी कोणी पीत नसे.

लोकांना त्या दिवसांत निर्दोष काही नकोच होते. कुणी बिटाची बिअर पीत होते, कुणी समुद्राच्या पाण्याची. पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्याने तर पिंपांना व्हायोलिन ऐकवून मुरवलेली बिअर आणली होती. ब्रूमास्टरच्या कारखान्याच्या मालकीणबाई त्याला रोज विचारत, "आपल्या बिअरची गोष्ट काय?"

"बाई, चव चांगली आहे."

"चव कसली सांगता? गोष्ट सांगा, गोष्ट!"

अशातच ब्रूमास्टरचे घर रंगवायला काढले. घरात त्याचे सासरे राहत. ते निवृत्त शिंपी होते आणि रंगाच्या वासाने त्यांना खोकल्याची उबळ येई. बायको म्हणाली, "अहो, काम चालू आहे तोवर दुपारचं बाबांना कारखान्यात न्या. काही त्रास नाही द्यायचे. पडून राहतील कोपऱ्यात."

सासऱ्यांनी खरोखरच काही त्रास दिला नाही. डबा खाल्ला, खोकल्यासाठी लवंग तोंडात धरली आणि टाकीच्या तोंडाशी जो लाकडी माच होता त्यावर अंग टाकले. आतली गुडगुड नीट ऐकू येईना, म्हणून तेवढे झाकण काढून बाजूला ठेवले. मग लोकरीची कानटोपी ओढून, डाव्या कुशीवर, टाकीकडे तोंड करून ते जे घोरू लागले ते चहाचा भोंगा होईपर्यंत. रंगकाम चालू होते तोवर हा क्रम चालला. उठताना ते झाकण आठवणीने जागेवर ठेवत. माणूस शिस्तीचा होता.

ती टाकी बिघडली. ब्रूमास्टरने एक घोट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. बिअर आंबटढाण झाली होती आणि तिला ओल्या लोकरीचा वास येत होता. ती मोरीत सोडण्यासाठी तो पाइप आणायला वळला, एवढ्यात मालकीणबाई चवतज्ज्ञांना घेऊन आत आल्या.

चवतज्ज्ञ म्हणजे ज्यांच्या एका शब्दावर शहरातली बिअर तरे किंवा बुडे, असे गृहस्थ. नाकाने कांदे सोलणे हा त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता. त्यांनी समोर दिसला तो ग्लास उचलला, हुंगला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"जुनं कपाट," ते पुटपुटले. "ओली लोकर. एक दूरची लवंग. आणि शेवटी... शेवटी एक कंटाळा. अस्सल, मानवी कंटाळा! हा कुठून मिळवलात?"

उत्तर माचावरून आले. सासरे घोरत होते. चवतज्ज्ञांनी माचाकडे पाहिले, उघड्या टाकीकडे पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

बिअरचे नाव 'निःश्वास' ठेवण्यात आले. आठवडा सरायच्या आत तिच्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या.

"बाई, ही बिघडलेली बिअर आहे हो," ब्रूमास्टर काकुळतीने म्हणाला.

"बिघडलेली नाही, उलगडलेली आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांना उद्यापासून कामावर घ्या."

सासरे 'वरिष्ठ वामकुक्षी अधिकारी' झाले. त्यांना गणवेश मिळाला. तो त्यांनी स्वतः उसवून पुन्हा शिवला, कारण खांद्यात बसत नव्हता. सुरुवातीला त्यांना मोठी मौज वाटली. "जावईबापू, जन्मभर तुमच्या सासूबाई मला घोरण्यावरून बोलत आल्या," ते म्हणाले. "आज हव्या होत्या बघायला."

पण चव एकदा विकली की ती रोज तशीच यावी लागते. म्हणून गुणवत्ता विभागाने सासऱ्यांचे प्रमाणीकरण हाती घेतले. श्वासाचा वास बदलू नये म्हणून त्यांना रोज एकच भाजी. कूस बदलली की टाकीला लावलेला लाल दिवा लागे आणि एक कर्मचारी येऊन त्यांना अदबीने पुन्हा डावीकडे वळवी. घोरण्याचा सूर चढला तर उशी काढत, उतरला तर उशी देत. डॉक्टरांनी नाकातले वाढलेले हाड काढायला सांगितले, तेव्हा मालकीणबाईंनी डॉक्टरांना समज दिली की यंत्रसामग्रीत परस्पर फेरफार करता येणार नाही.

मग अन्नखात्याचे तपासनीस आले. ते अत्यंत सज्जन आणि नियमाबाहेर एक पाऊल न टाकणारे होते. बाटलीवर घटक छापावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यानुसार छापण्यात आले: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट, सासरे (श्वासरूपात).

"हा घटक प्राणिजन्य आहे का?" तपासनिसांनी विचारले.

"शिंपी आहेत," ब्रूमास्टर म्हणाला.

"म्हणजे प्राणिजन्य. आणि याची मुदत कधी संपते? बाटलीवर तारीख लागेल."

माचावरून सासरे उठून बसले. "साहेब, ते वरच्या ऑफिसला विचारा," ते म्हणाले आणि छताकडे बोट दाखवले.

तपासनीस वरच्या मजल्यावर जाऊन आले. तिथे नुसतीच गच्ची होती.

त्या दिवसापासून सासऱ्यांची झोप उडाली. डोळा लागतोय असे वाटले की त्यांना तारीख आठवे. गुणवत्ता विभागाची माणसे कागद-पेन्सिल घेऊन भोवती उभी असत आणि एक जण हलक्या आवाजात म्हणे, "काका, ताण घेऊ नका. मागणी वाढलीय, तेवढं लक्षात असू द्या." झोपेचे पार खोबरे झाले. सासरे सोंग घेऊन घोरू लागले, पण सोंगाची चव लगेच ओळखू आली. गुणवत्ता विभागाने शेरा मारला: 'घोरण्यात प्रामाणिकपणाचा अभाव.'

बाजार थांबायला तयार नव्हता. व्हायोलिनवाल्यांनी कुणा सासूबाईंची बिअर आणली. तिची कडवटपणाबद्दल विशेष ख्याती झाली. दुसऱ्या एकाने 'अस्सल आत्याबाई, दुहेरी मुरवलेली' अशी जाहिरात केली.

सासरे वाळत चालले. एका संध्याकाळी ब्रूमास्टरच्या बायकोने वडिलांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहिली आणि ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"घरी आल्यावर बाबांना काय विचारता हो तुम्ही? जेवलात का, बरं वाटतंय का? नाही! 'झोप झाली का?' एवढंच. माझे बाबा आहेत की तुमचा कच्चा माल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रूमास्टरने गुणवत्ता विभागाला चहाला पाठवले आणि माचावर चढून नुकत्याच भरलेल्या टाकीचे झाकण घट्ट लावून त्याला कुलूप ठोकले.

"काय करताय, जावईबापू? नोकरी जाईल!"

"जाऊ दे, बाबा. माचावर झोपायची गरज नाही. खाली या, इथे पोत्यांवर बसा."

दोघे माल्टच्या पोत्यांवर शेजारी शेजारी बसले. ब्रूमास्टरने त्यांना यीस्ट म्हणजे काय, ते साखर कसे खाते, हे सांगायला सुरुवात केली. या विषयावर त्याचे बोलणे आजवर कोणी पुरते ऐकले नव्हते. सासऱ्यांनीही ऐकले नाही. ते जावयाच्या खांद्यावर डोके टेकून, उजव्या कुशीला कलून गाढ झोपी गेले. खांद्याला मुंग्या आल्या तरी ब्रूमास्टर हलला नाही.

बिअर तयार झाली ती सोनेरी, स्वच्छ, निर्दोष. बऱ्याच काळाने ब्रूमास्टरला आपल्या हातची चव लागली. आता लोकांना फरक कळेल, असे त्याला वाटले. नोकरी जायची ती जावो म्हणून त्याने पहिला ग्लास स्वतः चवतज्ज्ञांपुढे ठेवला.

त्यांनी घोट घेतला. पुन्हा एक घेतला.

"यात ते नाहीत," ते शेवटी म्हणाले.

"नाहीत," ब्रूमास्टर म्हणाला.

"लोकर नाही, लवंग नाही. काहीच नाही! म्हणजे..." चवतज्ज्ञांचा आवाज कापरा झाला. "म्हणजे हा विरह आहे. सासऱ्यांचा विरह! अहो, याला काळीज लागतं!"

'निःश्वास: विरह' ही आवृत्ती पहिलीपेक्षा दुप्पट खपली. ब्रूमास्टरने आयुष्यभर बनवलेली बिअर अखेर लोक मागून मागून पिऊ लागले, आणि तिच्यात काय नाही यावर तासन्‌तास बोलू लागले. त्याने चवीबद्दल चार शब्द सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला रांगेत मागे जायला सांगण्यात आले.

मालकीणबाईंनी मोठा समारंभ ठेवला. सासरे साध्या सदऱ्यात भिंतीशी उभे होते. त्यांनी कुतूहलाने एक घोट घेऊन पाहिला. "छान लागतेय," ते शेजारच्या माणसाला म्हणाले.

शेजारच्याने त्यांच्याकडे दयेने पाहिले. "काका, असं प्यायची नसते ही. आधी त्या म्हाताऱ्याची उणीव जाणवली पाहिजे. जीभ तयार व्हावी लागते. तुम्हाला नाही कळायचं."

सासऱ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात मालकीणबाईंनी व्यासपीठावरून त्यांच्याकडे बोट केले. "आणि आज प्रत्यक्ष आपल्यात आहेत... ते पाहा, वरिष्ठ वामकुक्षी अधिकारी!"

सारे सभागृह वळले. शेजारच्याच्या तोंडचे पाणी पळाले. टाळ्या थांबल्यावर सासऱ्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले. सासऱ्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. पण दुपारची वेळ होती. त्यांना जांभई आली.

तेवढ्यात सगळीकडून ग्लास त्यांच्या तोंडाशी आले. मागचे लोक खुर्च्यांवर चढले, आणि शेजारच्या गृहस्थाचा ग्लास सर्वांत पुढे होता.

या प्रसंगाला आता बरेच दिवस झाले. शहरात कुणालाही विचारा, प्रत्येक जण पोट धरून हसतो आणि म्हणतो, काय एकेक वेडे असतात, मी आपला मागे, हात बांधून उभा होतो. मागे उभ्या राहिलेल्यांची संख्या इतकी वाढली आहे की ती त्या सभागृहात मावणे शक्य नव्हते. तुम्हीही मागेच होता म्हणे. मग हातातला ग्लास माझ्या तोंडाशी का धरला आहे? खाली ठेवा. ही गोष्ट सांगताना मला जांभई येणार नाही.