वामनकाका आणि बुवांची जट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार वामनकाकांचे आहेत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि माझ्या पेपरांच्या दिवशी माझी ड्यूटी केली ती काकांनी. मी अमरावतीच्या तुरुंगात शिपाई, ते हवालदार. माझ्या लग्नाला काका तेल्हाऱ्याला आले, थेट माझ्यापाशी पोचले, माझा फेटा वर सरकवून कानापुढचे केस चिमटीत धरले आणि सासऱ्यांसमोर म्हणाले, "कल्ला वाढला बे तुहा!"

केस हा काकांचा वैरी. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही उरला नव्हता. नवा कैदी आला की नाव विचारायच्या आधी त्याची मान पाहायचे. "केस वाढला का मानूस वाया जाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भेटीला आलेल्या एका वकिलालाही त्यांनी न्हाव्याचा पत्ता सांगितला होता.

मग धारणीकडचे सोमाजीबुवा शिक्षा भोगायला आले. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात काठी चालवलेला म्हातारा. डोक्यावर कमरेपर्यंत देवीची जट. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून न्हावी कात्री घेऊन आला. बुवा दोन्ही हातांनी जट धरून भिंतीला टेकले. "मान काप बाप्पा, पन हे नोको."

काकांना आनंद होईल असं आम्हाला वाटलं. काका म्हणाले, "थांब." आणि साहेबांकडे गेले. साहेबांनी श्रद्धेचा मामला म्हणून सूट दिली, पण उवा दिसल्या किंवा वास आला तर कात्री, ही अट घातली.

तेव्हापासून दर रविवारी काका रिठे उकळून बुवांची जट धुवायचे. मुळं कोरडी झाली नाहीत तर जट आतून सडते, म्हणून बुवांना कपड्यांच्या दोरीखाली बसवून एकेक जट चिमट्यानं वाळत घालायचे.

"काका, इस्तरी बी करा!" आम्ही ओरडायचो.

"तुह्या थोबाडावर करू का आंधी?"

"हळू वढ ना बे वामन," बुवा कुरकुरायचे, "देवी रागावन."

"तुही देवी वळखते मले. गप बस."

एकदा मी विचारलंच, "काका, तुम्ही अन् केसांची सेवा?"

"माह्या मायले जट होती," काका टॉवेल पिळत म्हणाले. "दवाखान्यात ते बेसुद होती, तवा कापली. चांगल्यासाठीच कापली. सुदीवर आली, डोक्यावरून हात फिरवला अन् मले म्हने, 'तू होता ना रे इथं?'"

मी पुढचा चिमटा त्यांच्या हातात दिला. काकांनी पुढची जट उन्हाकडे वळवली.

काका निवृत्त होऊन चांदूर रेल्वेला गेले. घरात एकटेच असतात. परवा मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"ती. काकांस साष्टांग नमस्कार.

बुवांची मान फार दुखते. डॉक्टर म्हणतात, जटेच्या वजनानं, कापलेली बरी. जट मी दर रविवारी धुतो, पण माझा हात त्यांना पसंत नाही. काल त्यांना सगळं समजावून विचारलं. जट मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ बसले. मग म्हणाले, 'वामनले बोलाव. तो कापन तर देवीले मी सांगतो समजावून.'

साहेबांची परवानगी घेतली आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं या, मी स्टेशनवर येतो. परतायची घाई करू नका. कापून झाल्यावर बुवांजवळ थोडा वेळ बसावं लागेल."