मालकांच्या समक्ष

वरची खोली बंद होती आणि भाडेकरूचा पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी मालकांनी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते उगीचच गच्चीवर जाऊन आले आणि जाता-येता जिन्याच्या वळणावर उभं राहून कान देऊन आले. फोन लावला तर बंद. त्यानंतरच्या सकाळी भाजी निवडता निवडता बायकोने विचारलंच, "खोली सोडून गेला की काय तो?" आणि मालक हातातला पेपर टाकून उठले.

एक भाडेकरू गेला तर दुसरा येईल, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याने मालकांच्या मेहुण्यांना पाहिलेलं नाही. मेहुणे व्यायामशिक्षक होते. निवृत्त झाले, पण ते फक्त शाळेतून. समोर दिसेल त्याला वाकवून पायाचे अंगठे धरायला लावायचं, हे त्यांचं काम अजून चालूच होतं. बहिणीकडे ते चार दिवस राहून गेले की पुढचा आठवडाभर मालक कंबर धरून हिंडत. वरची खोली रिकामी झाली की दादाला कायमचं राहायला बोलवायचं, हे बायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

तिने ते ठरवलं यात मालकांचाही हात होता, हे सांगायलाच हवं. आधी त्या खोलीत एक नर्सबाई राहत होत्या. जाताना त्या बायकोला तोंडावर सांगून गेल्या की तुमचे यजमान मी कामावर गेले की माझे डबे उघडून बघतात. मालक म्हणाले, आपण भिंतीला ओल आली का ते पाहायला गेलो होतो. "ओल डब्यात शोधत होतात का?" एवढंच बायकोने विचारलं. मग तिने दुसरी किल्ली मालकांच्या हातून काढून घेतली, नव्या भाडेकरूला देऊन टाकली, आणि बजावलं की आता तुमच्यापायी हा भाडेकरू गेला तर त्या खोलीत दादा येईल.

हा भाडेकरू म्हणजे खरं तर सोन्यासारखा माणूस. एका दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायचं काम करायचा आणि उरलेलं काम घरी आणायचा. बोलणं जेमतेम. नियम मात्र पाळायचा तर असे की जिन्यात 'पाय पुसून या' लिहिलंय म्हणून उतरतानाही पाय पुसायचा. वर्षभरात त्याने एकच तक्रार केली होती. दाराच्या लॅचची आतली मूठ निखळली होती आणि आतून दार उघडायला त्याला पक्कड लावावी लागायची. मालक म्हणाले होते, बसवून देतो. दर महिन्याला म्हणाले होते.

मालकांनी वकील असलेल्या पुतण्याला गाठलं. पुतण्याने चहा घेता घेता समजावलं की भाडेकरू न सांगता गेला म्हणजे त्याने खोली सोडली असं होत नाही. त्याचं सामान आत असेल तर खोलीवर ताबा त्याचाच. चौकशी करा, वाट बघा, दारावर सूचना लावा.

"आणि काका, आत पाऊल टाकू नका," तो म्हणाला. "तुमची सवय मला माहितीये. तो परत आला आणि त्याने तुम्हाला आत पाहिलं, तर तो तर जाईलच, वर तुम्हाला कोर्टाची पायरी दाखवून जाईल."

मालकांनी घरी येऊन ठसठशीत अक्षरात सूचना लिहिली. 'या खोलीचे दार घरमालकांच्या व दोन साक्षीदारांच्या समक्ष असल्याखेरीज कोणीही, कोणत्याही कारणास्तव उघडू नये. आज्ञेवरून.' आज्ञा कुणाची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण त्या शब्दाने कागदाला वजन आलं होतं. चारी कोपऱ्यांना खळ लावून त्यांनी तो दारावर चिकटवला आणि जरा लांबून कौतुकाने पाहिला.

खाली आले तर बायको बाहेर निघालेली. "दादाला घेऊन येते," ती म्हणाली. "खोली बघून तरी जाईल. संध्याकाळपर्यंत येतो आम्ही."

झालं. आता मालकांना एकच गोष्ट हवी होती. भाडेकरूचं सामान आत आहे, याची खात्री. सामान असेल तर माणूस परत येणार, ताबा त्याचा, आणि मेहुण्यांना आल्या पावली परत पाठवता येणार. खिडकीला पडदा होता. किल्लीच्या भोकातून डोळा लावून पाहिलं तर नुसता काळोख. पुतण्याचे शब्द आठवत होते, पण संध्याकाळही जवळ येत होती. मालकांनी कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावून आणलं.

चावीवाल्याने सूचना वाचली आणि हात मागे घेतला. मालकांनी छातीवर बोट ठेवून सांगितलं की मालक मीच, आणि साक्षीदार वाटेत आहेत. दोन तारा फिरवून त्याने लॅच उघडलं. थांबू का, असंही विचारलं. पण समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत यायच्या आत त्याला कटवणं मालकांना जास्त महत्त्वाचं वाटलं. तो गेला. मालक आत शिरले आणि कुणी पाहू नये म्हणून त्यांनी दार हळूच लोटलं.

लॅच खट्‌कन लागलं.

तो आवाज त्या क्षणी त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही, कारण समोर सगळं सामान जागच्या जागी होतं. खाटेवर घडी घातलेली चादर, दोरीवर शर्ट, आणि भिंतीभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. प्रत्येकाखाली पेन्सिलीने कुणाचा ते लिहिलेलं. टेबलावर एका वाडग्यात प्लास्टर घट्ट होऊन बसलं होतं आणि त्यातून मोबाइलचा कोपरा वर आला होता. म्हणजे फोन का लागत नव्हता तेही कळलं. मालकांना इतका आनंद झाला की ते फळ्या बघत सावकाश फिरले. एका जबड्याखाली मेहुण्यांचं नाव होतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत मेहुणे गप्प बसलेले मालकांनी प्रथमच पाहिले. त्यांनी तो जबडा हातात घेऊन जरा वेळ नीट न्याहाळला.

मग ते निघायला वळले आणि दाराला आतून मूठ नाही, हे त्यांना दिसलं.

त्यांनी बोटांनी फिरवून पाहिलं. टेबलावरची पातळ सुरी घालून पाहिली, ती वाकली. पक्कड शोधली, पण ती भाडेकरू बरोबर घेऊन गेला असावा. मागच्या खिडकीला गज. स्वतःचा फोन खाली, चार्जरला लावलेला. ओरडावं तर समोरच्या बाई पहिल्या हाकेला ओ देणार आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी गल्ली. बायकोला कळायला मग कितीसा वेळ लागणार?  मालक खाटेच्या कडेवर टेकले, आणि चादर चुरगळली म्हणून लगेच उठले.

संध्याकाळी फाटक वाजलं. बायकोचा आवाज आला, मेहुण्यांचा आला. मग घरभर पावलं फिरली आणि बायको म्हणाली की चपला इथेच आहेत, फोन इथेच आहे, मग हे गेले कुठे? मालक दारापाशी जाऊन ऐकत उभे राहिले. आणि तेवढ्यात जिन्यात पायपुसण्यावर कुणीतरी अगदी नीट पाय पुसले.

भाडेकरू आला होता.

किल्ल्या वाजल्या.  खाटेखाली जावं म्हणून मालक वाकले, तर मेहुण्यांचे सगळे धडे असूनही कंबर मध्येच अडकली. किल्ली भोकात गेली. आणि थांबली. बाहेर भाडेकरू हळू आवाजात सूचना वाचत होता, एकेक शब्द, 'आज्ञेवरून'सकट. वाचून झाल्यावर त्याने किल्ली परत काढून घेतली, पिशवी दाराशी ठेवली आणि तो मालकांना शोधायला खाली गेला.

यापुढचं सगळं मालकांनी दाराला कान लावून ऐकलं. भाडेकरू खाली सांगत होता की दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या गवयाची कवळी मैफलीच्या तोंडावर मोडली, डॉक्टरांनी मला पहाटे गाडीत घालून नेलं, आणि त्या घाईत फोन प्लास्टरच्या वाडग्यात पडला. पहाटे काकांना उठवणं जिवावर आलं. आता काका भेटले की साक्षीदार घेऊन दार उघडतो. तोवर पायरीवर बसतो.

काका काही भेटेनात. बायकोने पुतण्याला बोलावलं. समोरच्या बाई आपणहून आल्या. सगळे जिन्यावर जमले. मेहुणे म्हणाले, उघडा की दार, माणूस आपला, किल्ली आपली. भाडेकरू म्हणाला, मालकांच्या समक्ष म्हटलंय. पुतण्या म्हणाला, कागद मीच सांगितला होता, भाडेकरूचं बरोबर आहे. मग भाडेकरूने त्याला विचारलं की साहेब, मालकच न सांगता निघून गेले तर भाडेकरूने काय करायचं असतं? पुतण्याने जरा विचार केला. म्हणाला, चौकशी करायची, वाट बघायची, आणि सूचना लावायची.

"कागद आहे का कुणाकडे?" भाडेकरूने विचारलं.

मालक दारामागे कपाळ टेकून उभे होते. रात्र पडेल, सगळे पांगतील, मग बघू काय ते, असं त्यांनी ठरवत आणलं होतं. एवढ्यात बायकोचा आवाज आला आणि तो नेहमीचा नव्हता.

"चपला न घालता ते कध्धी कुठे जात नाहीत," ती म्हणाली. "मीच टोचून टोचून बोलत होते त्यांना. त्या खोलीवरनं." आणि ती रडायला लागली. मेहुण्यांनी तिला पायरीवर बसवलं.

मालकांना ते ऐकवेना. खोली गेली खड्ड्यात, अब्रू गेली खड्ड्यात, अंगठे धरायचे तर धरू, असं वाटून त्यांनी घसा साफ केला.

"मालक हजर आहेत," ते आतून म्हणाले. "दोन साक्षीदार घ्या आणि उघडा."

हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग भाडेकरूने पुतण्याला आणि समोरच्या बाईंना साक्षीदार म्हणून पुढे बोलावलं, सूचना जपून सोडवून तिची घडी घातली, आणि रीतसर किल्ली फिरवली. मालक दारात उभे होते. हातात मेहुण्यांचा जबडा होता. तो खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

बायकोने डोळे पुसले.  भाडेकरू काही खोली सोडतो म्हणाला नाही. त्याने त्यांच्या हातून जबडा काढून घेऊन फळीवर जागेवर ठेवला आणि पिशवीतून एक नवीकोरी पितळी मूठ काढली. "तुम्ही कामात असता, म्हणून मीच आणली," म्हणाला, आणि पक्कड घेऊन बसवायला लागला. मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून हायसंही वाटलं. खोली वाचली होती.

"दादा, तू आता इथेच राहा," बायको म्हणाली. "यांना एकटं सोडायची सोय नाही."

"पण खोली तर भरलेली आहे," मालक घाईघाईने म्हणाले.

"वर कशाला? खाली. तुमच्याच खोलीत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाडेकरूच्या दारावर टकटक झाली. बाहेर मालक उभे होते, अनवाणी. "येऊ का आत?" त्यांनी विचारलं. त्या खोलीसाठी हा प्रश्न त्यांनी जन्मात पहिल्यांदा विचारला होता. भाडेकरूने त्यांना खुर्ची दिली आणि नव्या मुठीने दार लावून घेतलं. खालून मेहुण्यांची हाक आली, "भाऊजी, सतरंजी अंथरलीये."

मालकांनी आवाज आणखी खाली आणला. "ती कालची सूचना आहे का हो अजून? दारावर परत लावता येईल?"

भाडेकरू विचारात पडला. "पण काका, तुम्ही इथेच असलात तर ते मालकांच्या समक्ष झालं. मग उघडावं लागेल."

"मी कुठे आहे?" मालक म्हणाले. "मी अचानक निघून गेलोय."

भाडेकरू खळीची बाटली शोधायला उठला.