वारा आणि तिसरी माळ

अहो, पंख्यावर कसले विसंबता! घर नीट लावलं की वारा आपणहून येतो. एका बाजूने घ्यायचा, दुसऱ्या बाजूने सोडायचा, झालं! खोपटातल्या आमच्या अख्ख्या चाळीत हे शास्त्र मला एकट्याला कळतं!

शहाऐंशी सालचं नवरात्र, तिसरी माळ. आमच्या दोन खोल्यांत घट बसलेला, पुढे अखंड दिवा. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तो नवरात्रात एकदाही विझला नव्हता. म्हणून पंखा बंद! ऑक्टोबरच्या उकाड्यात आम्ही इडल्यांसारखे वाफत होतो. आईला तर घटस्थापनेपासून झोप नव्हती. शेवटी दुपारी मी बाह्या सरसावल्या.

"शेवंती, मागच्या खिडकीतल्या गाद्या काढ!"

"अहो, त्या खिडकीला झडपा नाहीत, म्हणून तर वारा अडवायला गाद्या लावल्यात," बायको म्हणाली. "दिवा विझला तर आई मला माहेरी धाडतील!"

"वारा सरळ जातो गं! दिवा कोपऱ्यात आहे. त्याला पत्ताही लागणार नाही!"

गाद्या काढल्या. पुढचं दार उघडंच होतं. आणि काय वारा आला म्हणता! कॅलेंडर भिंतीवरून उडालं, आणि ज्योत आडवी झाली!

मी झेप घेतली. पाट उभा केला, तो पडला. सूप धरलं, ते उडालं. मग वाऱ्याकडे पाठ करून, हात पसरून मीच दिव्यापुढे बसलो. ज्योत सावरली.

"गाद्या लाव परत! लवकर!"

"कशा लावू? आई झोपल्यात त्यांच्यावर!"

मान वळवून बघतो तर आई चक्क घोरत होती! खरं सांगतो, मला भरून आलं. तिला उठवायचा धीर होईना.

तेवढ्यात शेजारच्या जनीबाई दारात. "आगो बाय! शेवंते, तुजा नवरा असा का बसलाय?"

खरं सांगावं तर सासूच्या कानावर जाणार. शेवंती घाबरून म्हणाली, "नवस आहे त्यांचा!"

झालं! तासाभरात सगळी चाळ आमच्याकडे. कुणी नारळ ठेवतंय, कुणी माझ्याच पाया पडतंय, आणि दर्शन झालं की गार वाऱ्यात गादीवर टेकतंय!

गलक्याने आई उठली. मला बघून तिचे डोळे भरले. "माझा मारुती! देवळाची पायरी न चढणारा पोरगा देवीपुढे बसला!"

"आई, गुडघे गेले गं—"

"देवी बळ देईल हो!" आईने पदराने डोळे पुसले आणि तृप्त होऊन पुन्हा आडवी झाली. "शेवंती, त्या गाद्या आता दसऱ्यापर्यंत खिडकीत लावू नकोस हं. मारुती बसलाय ना दिव्यापाशी!"