जावयाचा पंप

जावयाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, असा त्या घराचा नियम होता. जावयाचं पंपांचं दुकान. त्याने सासऱ्यांच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणी यंत्रावरचा खडखडणारा पिस्टनचा पंप काढून हौसेने नवा, आत फिरत्या पंख्याचा बसवून दिला. आवाज म्हणून नाही. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं.

पंधरा दिवसांत चढावरच्या सफरचंदांच्या पानांवर काळे डाग आले. औषध पोचत नसेल म्हणून सासऱ्यांनी यंत्राचा नळ आणखी उघडला, तर सपाटीवरची पानं करपली. हंगाम हातचा जायची वेळ आली.

सासूबाईंनी डोकं शांत ठेवलं. स्वयंपाकघरातले बारा पेले झाडांना बांधले, यंत्रात साधं पाणी भरलं आणि नवऱ्याला ट्रॅक्टरवर बसवलं. सपाटीवरचे पेले भरले, चढावरच्यांत घोटभरसुद्धा नाही.

"चढावर इंजिन दमलं की ह्या पंपाचा जोरच जातो," त्या म्हणाल्या. "जुना हळू फिरला तरी दाब सोडत नव्हता."

"मग जावईबापूंना सांगू?"

"पंपांच्या दुकानदाराला, की तुमचा पंप चुकला? काही बोलू नका. जुना बसवा."

सासऱ्यांनी जुना बसवला आणि पेले रिकामे करून पुन्हा पाणी फवारून पाहिलं. वर अक्कल चालवून त्याला नव्यासारखा निळा रंग फासला.

दुसऱ्याच दिवशी जावई हजर. यंत्र खडखडत सुरू झालं.

"नवा आहे, अजून रुळायचाय," सासरे घाईने म्हणाले.

जावयाने पंपावर हात ठेवला. बोट निळं झालं. त्याने ते रुमालाला पुसलं आणि चढ चढून एकेक पेला पाहिला. बाराही सारखे भरलेले.

"पेल्यांची युक्ती कुणाची, आई?"

"माझीच. उगीच आपलं."

"आमच्या दुकानात इतकं कुणाला सुचलं नसतं. बाबा, पंपाचे वॉशर झिजलेत, बदलून देतो."

"नव्याचे?" सासरे बोलून गेले. सासूबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"नव्याचेच," जावई म्हणाला.

वॉशर बदलून झाल्यावर त्याने शेडच्या कोपऱ्यातलं गोणपाट उचललं, खालचा चकचकीत पंप पाहिला आणि पुन्हा नीट झाकला. "हे जुनं धूड मी घेऊन जातो. तुमची अडगळ जाईल."

गाडी दिसेनाशी झाल्यावर सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. "सुटलो. त्यांना काही कळलं नाही."

"नाही ना," सासूबाई म्हणाल्या, आणि नवरा चांगला निवडलास हे मुलीला सांगायला फोनकडे गेल्या.